गवताला कितीसा खर्च!

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या एका मित्राच्या दिवाणखान्यात समुद्र आहे. खिडकीतून दिसतो तो समोरचा टॉवर. समुद्र टीव्हीशेजारी, पाच फुटी काचेच्या टाकीत. निळ्या उजेडात नारिंगी मासे हिंडत असतात, पाणी थंड ठेवायला वेगळं यंत्र आहे आणि त्या यंत्रापायी येणारं विजेचं बिल आमच्या अख्ख्या घराच्या बिलाहून मोठं आहे. मित्र हे तक्रारीच्या सुरात सांगतो, पण येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. त्या रात्री परतताना ठाणं सुटलं, गाडी कळव्याच्या पुलावर आली, खाली खाडीचं पाणी दिसलं आणि माझं ठरलं. समुद्र आपल्याकडेही हवा. फक्त स्वस्तातला.

आम्ही डोंबिवलीकर निसर्गाकडेसुद्धा आधी भाव विचारून बघतो. मासे महाग. त्यांचं खाणं महाग. समुद्रातली सगळ्यात स्वस्त वस्तू कोणती? गवत. समुद्रात गवत असतं हे मला ठाऊक होतं, कारण एका रविवार पुरवणीत डुगाँगचा फोटो पाहिला होता. हिला समुद्रगाय म्हणतात, दिवसाला तीस-चाळीस किलो समुद्री गवत चरते, आणि तिच्यासाठी तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं आहे. जी वस्तू एक गाय दिवसाला चाळीस किलो फस्त करते ती महाग असूच शकत नाही, हे माझं अर्थशास्त्र. शिवाय गवताला थंड पाणी लागत नाही, त्याचा वास येत नाही आणि ते एका रात्रीत मरत नाही. या तिन्ही विधानांचा पुढे यथावकाश निकाल लागला.

मी अभ्यासाला लागलो, म्हणजे लोकलमध्ये उभ्याने मोबाइल वाचू लागलो. पहिला धक्का असा की समुद्री गवत हे गवत नव्हेच, आणि शेवाळही नव्हे. ही रीतसर फुलझाडं. जमिनीवरच्या झाडांची काही घराणी कोट्यवधी वर्षांपूर्वी पुन्हा समुद्रात राहायला गेली, त्यांचे हे वंशज. मुळं, खोड, फुलं, बिया, सगळं आहे. परागीभवनसुद्धा पाण्याखालीच उरकतात. जगात जाती सुमारे सत्तर. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये तर १८० किलोमीटर पसरलेलं एक कुरण म्हणजे एकच रोप आहे, असं २०२२ मध्ये लक्षात आलं. वय किमान साडेचार हजार वर्षं. डोंबिवलीत मूळ धरलेलं झाड नाशिक ओलांडून पुढे गेलं असतं. आणि नातेवाईक शोधायला गेलं तर ते दूर्वा-हरळीत सापडत नाहीत. अळू आणि सुरण ज्या गणात मोडतात, त्या गणातली ही मंडळी. हे मी आईला मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"मग अळूच लाव की बाल्कनीत," आई म्हणाली. "वड्या तरी होतील."

या सूचनेचा मी त्या वेळी विचार केला नाही.

जातींची यादी चाळताना एक नाव मनात बसलं. हॅलोफिला बेक्कारी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खाडीच्या चिखलात, तिवरांच्या आसपास वाढणारं चिमुकलं समुद्री गवत. पान जेमतेम सेंटिमीटरभर. गोव्यात दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या जगताप आणि उंटवाले यांनी मांडवीच्या खाडीतल्या त्याच्या कुरणावर १९८१ मध्ये शोधनिबंध लिहिलेला आहे. आडनावं वाचून मला फार धीर आला. इंग्रजी आडनावांनी केलेलं संशोधन मला नेहमीच आवाक्याबाहेरचं वाटतं; उंटवाले म्हटल्यावर ते एकदम आमच्या गोग्रासवाडीच्या पुढच्या स्टॉपवर आल्यासारखं वाटलं. जातीच्या नावातले बेक्कारी म्हणजे ओडोआर्डो बेक्कारी, इटलीचे वनस्पतिशास्त्रज्ञ. याच गृहस्थांनी १८७८ मध्ये सुमात्राच्या जंगलात सुरणाचा एक राक्षसी भाऊबंद शोधला. त्याचा फुलोरा माणसापेक्षा उंच होतो आणि त्याला सडक्या मांसाचा वास येतो. हे मी तेव्हा नुसती गंमत म्हणून वाचलं.

खाडीवर जावं, खुरपं चालवावं आणि पिशवीतून चार रोपं आणावीत, हा बेत पहिल्याच दिवशी बारगळला. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत समुद्री गवताची कुरणं तिवरं आणि प्रवाळांच्या पंगतीला, सगळ्यात कडक वर्गात बसवली आहेत. बेक्कारी तर धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक लाल यादीतच आहे. गाईला चाळीस किलो माफ, मला चिमूटभरही नाही. तेव्हा गवत विकत घ्यायचं, आणि ते मिळेपर्यंत समुद्र तयार करून ठेवायचा असं ठरलं.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच घेतली. पाणी भरलं की १९० लिटर. वाळू धरून वजन अडीचशे किलोच्या पुढे. टाकी जिन्यात असतानाच सोसायटीचे सेक्रेटरी मोजपट्टी घेऊन आले.

"स्लॅबला झेपेल का हे?"

"गणपतीत याच कोपऱ्यात वीस माणसं आरतीला उभी असतात," मी म्हटलं.

"ती वीस मिनिटांत प्रसाद घेऊन जातात."

मग मी इतिहास काढला. कल्याण हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं नावाजलेलं बंदर, ग्रीक भाषेतल्या एका खलाशी पुस्तकात कॅलिएना म्हणून त्याचा उल्लेख आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात इथल्याच खाडीत झाली. समुद्र मुळात इथलाच. मी फक्त तो परत आणतोय. सेक्रेटरींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ते कल्याणच्या दुर्गाडीला," ते म्हणाले. "आपली सोसायटी पूर्वेला आहे." शेवटी तुळईवरच्या भिंतीला टेकवून टाकी ठेवायची, या अटीवर परवानगी मिळाली.

आता पाणी. मावशी थळला राहते, तिच्या परसातून समुद्र दिसतो आणि तो फुकट आहे, या त्रैराशिकातून मी वीस लिटरचा निळा कॅन घेऊन अलिबागच्या एसटीत बसलो. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असतं. वीस लिटरमागे अर्धा किलो जास्त. पुस्तकात हा अर्धा किलो क्षुल्लक वाटतो. परतताना पनवेलपर्यंत एसटी, तिथून ठाण्याची लोकल, आणि ठाण्याला पूल चढून गाडी बदलायची. त्या पुलावर तो अर्धा किलो नेमका माझ्या खांद्यात बसला. मी कॅन खाली टेकवून श्वास घेत होतो, तेवढ्यात एक हवालदार समोर येऊन उभा राहिला. निळा कॅन, बाहेर पुसट ओल, आणि घामाघूम, गोंधळलेला मध्यमवयीन माणूस. दोन आणि दोन चार त्याने केव्हाच करून ठेवले होते.

"काय आहे?"

"पाणी."

"कसलं?"

"समुद्राचं."

"आणि चाललं कुठं?"

"डोंबिवलीला."

तो काही क्षण माझ्याकडे बघत राहिला. "समुद्राचं पाणी डोंबिवलीला कशाला?"

हा प्रश्न एवढा रास्त होता की मी खरं तेच सांगून बसलो. "गवतासाठी."

तिथं प्रकरण हातभट्टीवरून थेट गांजावर गेलं. "कसलं गवत?" म्हणताना त्याचा आवाज उतरला आणि हात माझ्या कॉलरच्या दिशेने वर आला. मी डुगाँगपासून सुरुवात केली. आजूबाजूला माणसं जमली. एकाने झाकण उघडून वास घेतला आणि "मासळीचं पाणी आहे" असा अहवाल दिला. शेवटी हवालदाराने तोडगा काढला. "पिऊन दाखवा." मी झाकणात ओतून प्यायलो. माझ्या तोंडाची जी काही दशा झाली ती पाहून कायद्याचं समाधान झालं. "जावा," तो म्हणाला, "आणि साध्या पाण्याने चूळ भरा."

घरी येऊन कॅन टाकीत रिकामा केला, तेव्हा टाकीचा तळ ओला झाला. एवढाच.

पुढचा समुद्र घरीच कालवायचा ठरला. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार. आईने वाण्याकडून खडेमीठ आणायला सुचवलं, आणि भाईंदर-मुलुंडची मिठागरं बघत वाढलेल्या माणसाला ते पटण्यासारखं होतं. पण मिठागरात मीठ धरतं तेव्हा मॅग्नेशियमचे क्षार मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतात आणि ते पाणी सोडून दिलं जातं. खड्यांनी पाणी खारट होतं, समुद्र होत नाही. म्हणून मत्स्यालयासाठीचं तयार क्षारमिश्रण मागवलं. त्याची किंमत मी घरात सांगितली नाही. शुद्ध पाण्यासाठी आरओ यंत्र लावलं. ते एक बादली चांगलं पाणी देताना दोन-तीन बादल्या नळीने मोरीत सोडतं, आणि आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस पाणी बंद असतं. त्या सोडलेल्या पाण्याने घरातल्या फरशा रोज पुसल्या जाऊ लागल्या. घर इतकं स्वच्छ कधीच नव्हतं.

समुद्राच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५. हा आकडा त्या उन्हाळ्यात माझ्या आयुष्याचं ध्येय होऊन बसला. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. टाकीतलं पाणी तेहतीसच्या पुढे गेलं. मित्राकडचं ते यंत्र घ्यायचं तर समुद्र स्वस्तात ठेवण्याचं तत्त्व मोडलं असतं, म्हणून मी टेबलफॅन टाकीच्या पाण्यावर लावला. पाणी वाफ होऊन जातं, जाताना उष्णता नेते आणि टाकी खरोखर दोन-तीन अंशांनी उतरते. मात्र मीठ कुठे जात नाही. सकाळी १.०२५ असलेला समुद्र रात्री १.०२८ होई, मग मी गोडं पाणी घालून तो १.०२३ वर आणी. मग पुन्हा मीठ. पंख्याच्या वाऱ्याने उडालेले बारीक थेंब भिंतीवर, टीव्हीच्या मागे आणि लोखंडी कपाटावर बसून पांढरे पापुद्रे धरू लागले. कपाटाचं कुलूप गंजलं. आत आईच्या पैठण्या होत्या. घरात आम्ही सगळे घामेजून बसलेलो आणि एकुलता एक टेबलफॅन रिकाम्या पाण्याला वारा घालतोय, हे दृश्य वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा दारातून पाहिलं आणि काही न बोलता निघून गेल्या.

त्या परत आल्या श्रावणात.

त्याला कारण चिखल. समुद्री गवत खाणंपिणं बरंचसं मुळांनी करतं, म्हणून त्याला पाच-सहा इंच बारीक वाळू लागते, आणि ती मुरलेली हवी. फ्लोरिडाकडचे शौकीन टर्टल ग्रास वगैरे टाकीत वाढवतात. त्यांचं म्हणणं असं की वाळू घाला आणि काही महिने हात लावू नका. रोप लावल्यावर तर अजिबातच नका, कारण जागा बदललेलं समुद्री गवत रुसतं, असलेली पानंही टाकतं आणि खाली मुळं पुन्हा धरेपर्यंत वर काही दाखवत नाही. काही न करणं हीच त्याची मशागत. मला नेमकं तेच जमत नाही. वाळूला जोर यावा म्हणून मी तिच्याखाली सोसायटीच्या बागेतलं गांडूळखत घातलं. थोडंसं. मग आणखी थोडंसं.

खोल वाळूत प्राणवायू संपला की तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. वाळू काळी पडते, बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. निसर्गात यावर उतारा असतो. समुद्री गवत पानांत तयार झालेला प्राणवायू मुळांवाटे चिखलात सोडतं आणि मुळांभोवती आपल्यापुरतं विष मारून टाकतं. म्हणजे चिखल सुधारायला गवत हवं, आणि गवत लावायला चिखल सुधारलेला हवा. माझ्याकडे दोन्हीपैकी फक्त वास होता.

श्रावणी सोमवारी संध्याकाळी काकू आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. "काय हो," त्या आईला म्हणाल्या, "निदान सोमवारी तरी अंडी उकडायची नाहीत."

आमच्या चार पिढ्यांत कोणी घरात अंडं आणलेलं नाही. आईने हे सांगितलं. काकूंनी नाकाला पदर लावून मान हलवली, म्हणजे पटलं नाही. मी पुढे होऊन सल्फेट, जिवाणू वगैरे खुलासा केला, त्याने प्रकरण आणखी संशयास्पद झालं. जाताजाता त्यांनी टाकीकडे पाहून विचारलं, "आणि मासे कुठे आहेत?"

हा प्रश्न तोवर आमच्या घराचा दरवाजा झाला होता. प्रत्येक जण त्यातूनच आत यायचा. गॅसवाला, कुरिअरवाला, पुढे गणपतीला आलेली सगळी मंडळी. लहान मुलं नाक काचेला लावून कोपरा न् कोपरा शोधायची आणि मग माझ्याकडे अशी बघायची की मासे मी खाल्ले असावेत. मी गवताबद्दल सांगायचो. "गवत कुठेय?" हा पुढचा प्रश्न. "यायचंय अजून." यावर माणसं विषय बदलून पावसाबद्दल बोलायला लागायची.

आणि मग गवत आलं. एका दुकानदाराने, नाव नको, फोन केला: "साहेब, सी ग्रास आलंय, ओरिजिनल." प्लास्टिकच्या पिशवीत हिरवीगार, लांबट, गुळगुळीत पानं, खाली आडवी दोरी आणि तिला बारीक मुळं. मी ती वाळूत रोवली. मनात आलं, आता हे रुसेल, पानं टाकेल, महिनोन् महिने वाट बघायला लावेल. तसलं काही झालं नाही. आठवड्याभरात दोरी वीतभर सरकली. महिन्याभरात अर्धी टाकी हिरवी. फ्लोरिडातल्या लोकांना वर्षानुवर्षं जमत नाही ते डोंबिवली पूर्वेत, गांडूळखतावर, टेबलफॅनच्या वाऱ्यात जमलं होतं. मी फोटो काढले. वाढीची वही सुरू केली. शोधनिबंधात 'जगताप, उंटवाले' यांच्या पुढे स्वल्पविराम देऊन माझं नाव कसं दिसेल हेही एकदा लिहून पाहिलं. घोडबंदरचा मित्र मुद्दाम बघायला आला आणि, हे मी कधीही विसरणार नाही, त्याने माझ्याकडे एक फांदी मागितली. मी ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून अशा थाटात दिली की पुढे तिला वारसा म्हणावं.

दिवाळीत भाची आली. ती बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेऊन बसलेली. तिने बाही वर सारून एक पान उचललं, उजेडात धरलं, नखाने खरवडलं. "मामा, याला शिरा कुठायत?"

"समुद्रात लागत नसतील."

"हे कॉलर्पा आहे. शेवाळ. ही मुळं नाहीत, नुसत्या धरून ठेवायच्या तारा आहेत. आणि गंमत म्हणजे हे अख्खं एकच पेशी आहे. पानं, दोरी, सगळं मिळून एक." मग तिने चकली खात खात मला मोनॅकोची हकीकत सांगितली. १९८४ मध्ये तिथल्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात याच्याच एका भावाचा लहानसा तुकडा सापडला, आणि पुढच्या काही वर्षांत भूमध्य समुद्राचा केवढा तरी तळ त्याने व्यापला. "म्हणजे खाडीत टाकू नकोस हां," ती म्हणाली.

मी घोडबंदरला फोन लावला. "ते लगेच काढून टाक, दोरीसकट."

"कशाला? माझे मासे तुटून पडले त्यावर. चारा म्हणून बेस्ट आहे," मित्र म्हणाला. तिथंसुद्धा त्याचंच साधलं.

खरं गवत निदान डोळ्यांनी तरी बघावं म्हणून थंडीत एका लग्नाला गोव्याला गेलो तेव्हा मांडवीच्या काठी ओहोटीची वेळ साधून चिखलात उतरलो. पोटऱ्यांपर्यंत रुतलो. समोर तिवरांची मुळं, मधे उघडा करडा चिखल, आणि कुरण म्हणावं असं काहीही नाही. थोड्या अंतरावर तिसऱ्या वेचणारी एक बाई माझ्याकडे बराच वेळ बघत होती. "कितें सोदता?" तिने विचारलं. मी मोबाइलवरचं चित्र दाखवलं. तिने माझ्या पायाकडे बोट केलं.

पाय उचलला तर खाली चिखलाच्या चकाकीत हिरवे कण. गुडघे टेकून बघितलं तेव्हा कळलं, प्रत्येक कण म्हणजे टाचणीएवढ्या देठावर सहा-सात टोकदार पानांचा झुबका, त्यातलं एकेक पान करंगळीच्या नखावर मावेल असं. पानांवर गाळाची पूड. एका झुबक्यातून दुसऱ्याकडे चिखलाखालून दोऱ्याएवढं खोड गेलेलं. डबक्यात बुडालेल्या पानांवर प्राणवायूचे मोहरीपेक्षा बारीक बुडबुडे धरलेले. तळहाताएवढा खेकडा त्यावरून चालत गेला तर तीन झाडं झाकली. डुगाँग इथं चरायला आली असती तर उपाशी मेली असती. याच्यासाठी मी दीड फूट उंचीची टाकी घेतली होती. मी फोटो काढला, हात लावला नाही आणि आल्या पावलांनी परत फिरलो. त्यातलं एक पाऊल चिखलाने ठेवून घेतलं, बुटासकट.

डोंबिवलीला परतल्यावर काही दिवसांनी पहाटे आईने हाक मारली. "अरे, टाकीत दूध कोणी ओतलं?" ज्या गावात २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तिथं पांढरं पाणी तसं सभ्यच म्हणायचं. पण हे खरोखर दुधाळ होतं, हिरवट झाक असलेलं, आणि त्यात कालची हिरवी पानं काचेसारखी पारदर्शक होऊन तरंगत होती. कॉलर्पाला असं करायची खोड आहे. मनात आलं की शरीरातला सगळा जीवनरस प्रजननपेशींत बदलतं, पहाटेच्या सुमारास एकदम पाण्यात सोडून देतं आणि मागे नुसती खोळ ठेवतं. भाचीने फोनवर हे समजावलं आणि अभिनंदन केलं. वाढीच्या वहीत मी 'वाढ: शून्य' लिहून वही रद्दीत घातली.

खोळी आणि उरलंसुरलं शेवाळ गोड्या पाण्यात बुडवून, गच्चीवर कडकडीत वाळवून कचऱ्यात दिलं. मोनॅको डोक्यात होतं. टाकी बाल्कनीत गेली आणि आईने तिच्यात कुंडीतली माती ओतून जे लावायचं ते लावलं. आता वड्या होतात. राहिलं ते दीडशे लिटर खारं पाणी. मोरीत ओतलं तर खालच्या मजल्याचा पाइप तुंबायची भीती, बागेत ओतलं तर मोगरा जायची. रात्री अकरानंतर, वॉचमन चहाला गेला की बादली बादली करून मी ते गेटजवळच्या माडाच्या बुंध्यात ओतलं. माड समुद्रकाठचा, त्याला घरच्यासारखं वाटेल, असा विचार.

सेक्रेटरींना ते कळलं. कसं कळलं ते विचारण्यात अर्थ नाही, सोसायटीत सगळं कळतं. पण ते मूळचे गुहागरकडचे, तिथं माडाच्या मुळाशी मीठ घालतात, आणि पुढच्या मोसमात त्या माडाला नारळ बरे लागल्यावर त्याचं श्रेय त्यांनी विनाचौकशी माझ्या पाण्याला दिलं. वार्षिक सभेच्या इतिवृत्तात आता नोंद आहे: 'विषय क्र. ७. आवारातील माडास वर्षातून एकदा समुद्राचे पाणी घालणे. ठराव एकमताने मंजूर. पाणी आणण्याची जबाबदारी फ्लॅट क्र. १२ यांनी स्वीकारली. प्रवासखर्च मिळणार नाही.'